म्युनिकला सहा महिने आहेस ना, मग हे वाच

अरे पहिल्याच महिन्यात पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड करत सुटू नकोस, ते होईलच. आधी डॉइचलांड टिकेट काढ, 2026 पासून महिन्याला 63 युरो, शहरातली बस-मेट्रो आणि देशभरातल्या रीजनल ट्रेन सगळं त्यात येतं, आयसीई म्हणजे लांब पल्ल्याची फास्ट ट्रेन मात्र चालत नाही. आणि ते सबस्क्रिप्शन आहे, बंद करायचं तर 10 तारखेच्या आत कर, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कटलेच समज. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनसुद्धा याच तिकिटावर होतं.

सगळे नोइश्वानस्टाइनच्या राजवाड्याला पळतात, जा तू पण, पण मला विचारशील तर टेगर्नझे जास्त भारी, तासाभरात तळं आणि डोंगर. फक्त त्या ट्रेनचे डबे वाटेत होल्त्सकिर्शेन स्टेशनला सुटे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात, त्यामुळे डब्यावरची पाटी बघूनच बस.

रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच भर. मग रविवार मोकळाच मिळतो, पिनाकोठेकसारखी सरकारी म्युझियम्स त्या दिवशी 1 युरोत बघता येतात. संध्याकाळी बिअरगार्टनला जा, तिथे घरचं खाणं नेलेलं चालतं, अगदी थालीपीठ-ठेचा नेलास तरी कुणी काही बोलत नाही, पेय तेवढं त्यांच्याकडचं घ्यायचं (बिअर नको तर अॅप्फेलशोर्ले घे, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस), आणि टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर बस. शेजारी अनोळखी लोक येऊन बसतात, ओळखी तिथेच होतात, ऑफिसात कोण बोलतंय!