रेडिअस सर्व्हर निवडताना आधी तासांचा हिशेब बघा

तुम्ही विचारलंय की डायल-अप इंटरनेट देणाऱ्या लहान कंपनीनं लॉगिन तपासायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, फुकटचं की विकतचं. मी २००० च्या आसपास सोलापुरात अशाच एका लहान आयएसपीत सर्व्हर सांभाळायचो. लॉगिन तपासणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला रेडिअस सर्व्हर म्हणतात. माझं उत्तर: फ्रीरेडिअस हा फुकटचा रेडिअस सर्व्हर घ्या आणि त्याच्या मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस जोडा.

ग्राहकाचा मोडेम आपल्या अ‍ॅक्सेस सर्व्हरला, म्हणजे फोन घेणाऱ्या डब्याला, लागतो. त्या डब्याकडे ग्राहकांची यादी नसते, म्हणून तो रेडिअस सर्व्हरला विचारतो: हे नाव, हा पासवर्ड, आत घेऊ का? हो किंवा नाही एवढं उत्तर कुठलाही रेडिअस सर्व्हर देतो. लिव्हिंग्स्टन कंपनीनं पोर्टमास्टर या आपल्या अ‍ॅक्सेस सर्व्हरसाठी हा प्रोटोकॉल बनवला, तेव्हापासून हे काम सगळ्यांना जमतं. त्यावर वेळ घालवू नका.

भांडणं होतात ती तासांवरून. आम्ही ५० आणि १०० तासांचे पॅक विकायचो. ग्राहक जोडला की अ‍ॅक्सेस सर्व्हर 'स्टार्ट' पाठवतो, सुटला की 'स्टॉप', आणि त्या स्टॉपमध्ये किती सेकंद झाले ते असतं. हे सगळं यूडीपीवर चालतं. या पद्धतीत निरोप पोचेलच याची हमी नसते, म्हणजे पॅकेट वाटेत हरवू शकतं. पोचपावती आली नाही तर तो डबा तेच स्टॉप पुन्हा पाठवतो. तुमच्या सॉफ्टवेअरनं सेशन आयडी, म्हणजे त्या बैठकीचा क्रमांक, जुळवून पाहिला नाही, तर एकच बैठक दोनदा मोजली जाते.

उलट स्टॉप आलंच नाही, तर आणखी वाईट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलचे कारखानदार परदेशी गिऱ्हाइकाला नमुन्यांचे फोटो पाठवत होते. मध्येच आमच्याकडची वीज गेली, यूपीएसनं दगा दिला आणि मोडेमचं रॅक बंद पडलं. वीज आल्यावर त्यांनी पुन्हा डायल केलं, तर सर्व्हर म्हणतो तुम्ही आधीच आत आहात. "ओ साहेब, मी एकटाच हाय की हितं, माझ्या नावावर दुसरं कोण बसलंय?" त्यांचा फोन अजून कानात आहे. एका नावावर एकच लॉगिन, हा नियम आम्हीच लावला होता, आणि सर्व्हरच्या यादीत त्यांचं जुनं सेशन तसंच लटकलेलं होतं. त्या संध्याकाळी एकेक नाव हातानं काढावं लागलं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी दोन गोष्टी आधी बघतो. अ‍ॅक्सेस सर्व्हर पुन्हा चालू झाला की तो 'अकाउंटिंग-ऑन' पाठवतो. ते मिळताच त्या डब्याची सगळी उघडी सेशनं बंद होतात का? आणि दुसरं लॉगिन नाकारण्याआधी, पहिलं खरंच चालू आहे का, हे सर्व्हर त्या डब्याला एसएनएमपीनं (यंत्राची स्थिती विचारायच्या प्रोटोकॉलनं) विचारतो का? सिस्ट्रॉन हा जुना रेडिअस सर्व्हर आणि फ्रीरेडिअस यांच्यात त्यासाठी चेकरॅड नावाची स्क्रिप्ट मिळते. उरलेले तास लॉगिनच्या वेळीच 'सेशन-टाइमआउट' (किती वेळानं जोडणी तोडायची तो आकडा) म्हणून पाठवायचे असतील, तर मात्र ग्राहकांची नावं लिहिलेल्या साध्या यूजर्स फाइलवर भागत नाही, डेटाबेस लागतो. मायएसक्यूएल त्यासाठीच सुचवलंय.

विकतच्यांपैकी रेडिएटर मला आवडायचं. ते पर्लमध्ये लिहिलेलं आहे आणि सोर्ससकट मिळतं, त्यामुळे स्वतःच्या बिलिंगला जोडणं सोपं जातं. ऑफिसात पर्ल जाणणारा माणूस असेल तर त्याचे पैसे वाया जात नाहीत. टकॅक्स प्लस या लॉगिन तपासायच्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वाटेला जाऊ नका. राउटरवर कामाला बसणाऱ्या अ‍ॅडमिनसाठी ते उत्तम आहे, ग्राहकांचे तास मोजायला नाही.

पासवर्ड कसा साठवणार, हेही आत्ताच ठरवा. लॉगिनच्या वेळी पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती आहेत: चॅपमध्ये पासवर्ड तारेवरून जात नाही, पॅपमध्ये तो तसाच जातो. चॅप वापरलं तर सर्व्हरकडे मूळ पासवर्ड वाचता येईल असा ठेवावा लागतो. लिनक्सच्या पासवर्ड फाइलमधला हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असं रूप) तिथं चालत नाही. पॅपला हॅश चालतो. ग्राहकांची सगळी यादी चोरीला जाण्याची भीती मला फोनच्या तारेवर कान लावणाऱ्यापेक्षा मोठी वाटायची, म्हणून आम्ही पॅप ठेवलं. रेडिअसचा रस्ता मात्र आतल्या नेटवर्कपुरताच ठेवा. २०२४ च्या जुलैत 'ब्लास्ट-रेडिअस' ही त्रुटी समोर आली, त्यामुळे त्यानंतरची आवृत्ती घ्या आणि उपकरणाला जमत असेल तर मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे निरोपात फेरफार झाला नाही हे दाखवणारी सही, सक्तीचा करा.

जुना अ‍ॅक्सेस सर्व्हर हाती लागला असेल तर पोर्टही तपासा. जुनी यंत्रं १६४५ आणि १६४६ वर बोलतात, आजचे सर्व्हर १८१२ आणि १८१३ वर ऐकतात. सगळं बरोबर असूनही उत्तर येत नाही, तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं.

पैसे मोजण्याआधी एका जुन्या पीसीवर सॉफ्टवेअर बसवा, दोन मोडेमवरून लॉगिन करा आणि रॅकची वायर सरळ उपटा. पुन्हा जोडून तेच लॉगिन किती वेळात मिळतं आणि बिलात किती मिनिटं दिसतात, ते वहीत लिहा. बिलं काढणाऱ्या ताईंना किंवा दादांना त्या वेळी शेजारी बसवा. कोणता आकडा ग्राहक मान्य करणार नाही, हे त्यांना लगेच कळतं. अडलात तर सर्व्हर डीबगमध्ये चालवून आलेला मजकूर खाली टाका, मी बघतो. त्यातले पासवर्ड आणि शेअर्ड सीक्रेट (अ‍ॅक्सेस सर्व्हर आणि रेडिअस सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द) तेवढे आधी पुसा.