लेगोचे नवे आणि येणारे सेट : कशाची वाट बघावी, कशावर पैसे घालू नयेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा नऊ वर्षांचा आहे, तुम्हालाही लहानपणापासून ठोकळ्यांची हौस आहे आणि दिवाळीला एकच मोठा सेट घ्यायचाय. पोकेमॉनचा घ्यावा, आवाज करणारा नवा स्टार वॉर्सचा घ्यावा, की जानेवारीत येणाऱ्या सेट्ससाठी थांबावं?

माझं उत्तर आधी सांगून टाकते. आगगाडी घ्या. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी नाशिकची. अंबडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन करते, सोळा वर्षं झाली. लेगोची ओढ मला मोठेपणी लागली, आणि तीही कामातूनच. आमच्याकडे एका झाकणाचे दोन भाग एकमेकांत नीट बसत नव्हते, महिनाभर डोकं खाल्लं त्या कामानं. त्याच दिवसांत भाच्याचा एक ठोकळा हातात आला. दाबला, टक्क बसला. ओढला, तितक्याच जोरानं निघाला. पन्नास वेळा केलं तरी तीच पकड. दुसऱ्या दिवशी मी तो ठोकळा घेऊन कामावर गेले आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावून बसले.

लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं आहे. त्याआधीचे ठोकळे आतून पोकळ होते, सहज निसटायचे. आतल्या त्या नळ्या आल्या आणि पकड आली. १९६३ पासून एबीएस हे प्लास्टिक वापरायला लागले, त्यामुळे रंग टिकला आणि मापही टिकलं. दोन स्टडमधलं, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, चपट्या प्लेटची ३.२. तीन प्लेट म्हणजे एक ठोकळा. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. मोल्डच्या धंद्यात असलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. डाय झिजते, मशीन बदलतं, मटेरियलचा लॉट बदलतो, आणि तरी माप तेच!

म्हणून नवा सेट जाहीर झाला की मी एकच बघते. हा मोडल्यावर माझ्या डब्यात काय येईल? त्या तुकड्यांतून दुसरं काय उभं राहील? बाकी सगळं, खोका, फोटो, त्यावरचं पात्र, हे नंतर.

आता पोकेमॉन. २०२६ च्या फेब्रुवारीत आलेल्या सेट्सची घोषणा झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण भाचा त्या कार्डांसाठी जीव टाकतो. पण पहिले तीनही सेट अठरा वर्षांवरच्यांसाठी निघाले. मोठ्यात तीन प्राणी एकाच देखाव्यात, ६,८३८ तुकडे. देखणा आहे, प्रश्नच नाही. पण पोकेमॉन ज्यांचं आहे ती मुलं आठ-दहा वर्षांची, आणि त्यांच्या हातात देण्यासारखं त्या पहिल्या फळीत काही नव्हतं. कपाटावर ठेवायची मूर्ती आहे ती. नऊ वर्षांच्या मुलाला तुम्ही ती आणून द्याल आणि मग ‘हात लावू नको, तुटेल’ म्हणत बसाल. ही थीम वर्षभर तरी मुरू द्या, लहान सेट आले की बघा.

स्मार्ट ब्रिकबद्दल, म्हणजे नव्या स्टार वॉर्सच्या सेटमधल्या त्या आवाज करणाऱ्या ठोकळ्याबद्दल, मात्र माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जुन्या शौकिनांनी नाकं मुरडली. ठोकळ्यात बॅटरी कशाला, आवाज मुलांनी तोंडानं काढावेत, वगैरे. मला वाटतं त्यांनी तो नीट बघितलाच नाही. आकार साध्या २×४ ठोकळ्याचा, आत स्पीकर, दिवे, हालचाल ओळखणारे सेन्सर, आणि मुख्य चिप एका स्टडपेक्षाही लहान. खेळताना स्क्रीन लागत नाही. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. याआधी २०१९ ला हिडन साइड नावाची थीम आली, खेळायला मोबाइल हवाच. वर्ष-दीड वर्षात बंद. २०२१ ला व्हिडियो नावाची थीम आली, तिचंही तेच. ॲप गेलं की खेळ गेला. स्मार्ट ब्रिक निदान ठोकळ्याच्या जातीचा आहे. तो उद्या माझ्या आगगाडीत बसला आणि वळणावर शिट्टी वाजली, तर मला आवडेल.

पण सुरुवात स्टार वॉर्सपासून का केली? १९९९ पासून ती थीम चालतेय, खप नक्की आहे, हे कळतं मला. तरी हा ठोकळा सिटी या शहरातल्या रोजच्या गाड्या-इमारतींच्या थीममधल्या अग्निशमन गाडीत आधी यायला हवा होता. मुलाला रस्त्यावर दिसणारी गाडी, तिचा भोंगा. शिवाय आतली बॅटरी किती वर्षं टिकते ते वापरूनच कळेल, आणि दिवाळीचं एकुलतं एक बजेट त्यावर घालू नये.

फुलांच्या बोटॅनिकल्सबद्दल फार लिहीत नाही. २०२१ च्या ७५६ तुकड्यांच्या गुच्छापासून त्यांनी खूप नव्या लोकांना या छंदात आणलं, ते चांगलंच झालं. पण आमच्या गावात खरा गुलाब रोजचा आहे, आणि त्यातले नाजूक तुकडे दुसरीकडे कमीच लागतात.

आता आगगाडी.

लेगोच्या गाड्या १९६६ पासून आहेत. १९९१ नंतर धातूच्या रुळांतून वीज जायची, ते रूळ बंद झाले आणि आता रूळ प्लास्टिकचे, बॅटरी गाडीत, हातात रिमोट. हल्ली सिटी थीममध्ये काही वर्षांतून एखादी प्रवासी गाडी, एखादी मालगाडी येते, आणि तेवढ्यावर आम्ही दिवस काढतो. २०२३ ला ओरिएंट एक्सप्रेस आली, २,५४० तुकडे, डबे आतून बघत राहावेत असे. पण मोटर बसवायची सोयच नाही! मी तो सेट घेतला नाही. न धावणारी गाडी मला बघवत नाही.

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. तो कल्याणला राहतो, त्यामुळे कसारा घाट त्याला तोंडपाठ. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून इंजिन लागतं, मग इगतपुरीपर्यंत ढकलत आणतं. तो म्हणाला, ‘आत्या, आपण घाट करू.’ आम्ही हॉलपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत रूळ मांडले. लेगोचा सरळ रूळ १६ स्टड लांब, म्हणजे १२८ मिलिमीटर. दर रुळाला एक प्लेट चढवली तर १२८ ला ३.२, म्हणजे ४० ला १ असा चढ येतो. मी हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर केला आणि तशीच बसून राहिले. थळ घाटाचा, म्हणजे याच कसारा घाटाचा, चढ ३७ ला १ आहे. रुळाचं आणि प्लेटचं साधं माप, आणि त्यातून जवळजवळ आपलाच घाट निघाला.

तीन डबे लावले, गाडी चढली. सहा लावले, तर सातव्या-आठव्या रुळावर मोटरची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्या चाकांना रबरी रिंग असते, तीही पुरेना. मी म्हटलं, डबे कमी करू. भाचा काही न बोलता उठला, खोक्यातून दुसऱ्या गाडीची मोटर आणली आणि शेवटच्या डब्यामागे लावली. एकाच रिमोटला दोन्ही जोडल्या. पहिल्यांदा गाडी हललीच नाही, कारण मागची मोटर उलट्या तोंडानं बसली होती आणि दोघी दोन दिशांना ओढत होत्या. त्यानं ती मोटर काढली, फिरवली, परत टक्क. आणि सहाच्या सहा डबे उंबऱ्याशी पोचले. मागून ढकलणाऱ्या इंजिनाला बँकर म्हणतात, हे मी त्याला तेव्हा सांगितलं. कृती त्यानं आधी केली होती.

आमचा तो आगगाडीचा सेट बाहेरून अगदी साधा आहे. पण त्याची गाडी मोडून आम्ही पूल केला, फलाट केला, डब्यांची सिग्नलची केबिन केली. जो सेट विकत घेतल्यावर वर्षभर नवा राहतो, त्याचीच किंमत वसूल होते, आणि किंमत हा आपल्याकडे मोठा विषय आहे. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. परदेशातली किंमत बघून रुपयांत गुणाकार करू नका, मन दुखतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे, खोक्यावर ती बघूनच घ्या. स्वस्ताच्या मोहात मी एकदा एका विक्रेत्याकडून नकली सेट घेतला होता. व्हर्नियर लावला तर एकाच रंगाच्या दहा ठोकळ्यांत स्टडच्या मापात पन्नास-साठ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास-साठ हजारांशांचा, फरक. काही बसतच नव्हते, काही बसून आपोआप सुटत होते. भाच्याला वाटलं चूक त्याच्या हाताची आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जानेवारीसाठी थांबायचं का, हाही तुमचा प्रश्न आहे. दर जानेवारीला बराच नवा माल येतो, त्यात मोठ्यांसाठीची एक मॉड्युलर इमारत, म्हणजे शेजारच्या इमारतीला जोडता येणारी, मजले सुटे होणारी इमारत, ठरलेली. २००७ च्या कॅफे कॉर्नरपासून ही मालिका चालू आहे आणि बांधकामाचं खरं शिक्षण तिथंच मिळतं. पण ती तुमच्यासाठी, मुलासाठी नाही. आणि जाहीर व्हायच्या आधी फुटणाऱ्या बातम्यांवर विसंबू नका. नुसता नंबर, तुकड्यांचा आकडा आणि किंमत कळते आणि लोक चांगलं-वाईट ठरवून मोकळे होतात. चित्र बघितल्याशिवाय मी मत देत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण येणाऱ्या सेट्सबद्दल बोलायचं तर माझी एक तळमळ आहे. भारतातली एकच इमारत लेगोनं धरून ठेवलीय, ताजमहाल. २००८ ला ५,९२२ तुकड्यांचा, २०१७ ला तोच पुन्हा एक तुकडा वाढवून, २०२१ ला आर्किटेक्चर मालिकेत २,०२२ तुकड्यांचा. दरम्यान जपानचा हिमेजी किल्ला झाला, पॅरिसचं नोत्र दाम झालं, जर्मनीचा नॉयश्वानस्टाइन झाला. आपल्या देवळांचं शिखर तर ठोकळ्यांसाठीच जन्मल्यासारखं आहे. थरावर थर, वर जाताना आत सरकणारे, प्रत्येक थरावर तोच छोटा आकार पुन्हा.

मी काळाराम मंदिर करतेय, दोन वर्षं झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं, सगळं काळ्या दगडात. आधी काळेच ठोकळे वापरले, तर कोरीव काम दिसेचना, नुसता एक काळा ढीग. सगळं उतरवून गडद राखाडी लावलं आणि काळा फक्त कोनाड्यांच्या सावलीला ठेवला, तेव्हा दगड दगडासारखा दिसायला लागला. शिखराच्या बाजूच्या पट्ट्या उभ्या नाहीत, आडव्या बसवल्यात. पाच प्लेट म्हणजे १६ मिलिमीटर आणि दोन स्टड म्हणजेही १६, त्यामुळे आडवा लावलेला भाग उभ्या भागात केसाचीही फट न ठेवता बसतो. ही युक्ती मला एका मॉड्युलर इमारतीच्या पुस्तिकेतून मिळाली. कळस अजून व्हायचाय. सोनेरी तुकडे महाग पडतात, म्हणून मी जुने सेट मोडून एकेक गोळा करतेय. २०२७ च्या सिंहस्थाआधी पुरा करायचा विचार आहे.

तर, खरेदी. सिटीमधली रिमोटची प्रवासी गाडी बाजारात असेल तर ती. नसेल किंवा बजेटबाहेर गेली तर क्रिएटर थ्री-इन-वनमधला मोठा सेट. एकाच खोक्यात तीन वेगळ्या बांधण्यांच्या पुस्तिका असतात, आणि तिसरी झाली की मुलगा चौथी स्वतःच करतो. गाडी घेतलीत तर बरोबर येतो तेवढा रुळांचा गोल पुरत नाही, दोन दिवसांत कंटाळा येतो. सरळ रुळांचं जादा पाकीट त्याच वेळी मागवा. घाट करायचा तर दहा-बारा सरळ रूळ तरी हवेत, आणि चढ सुरू होतो तिथल्या पहिल्या सांध्याखाली पूर्ण प्लेट लगेच देऊ नका, एक रूळ सपाट सोडून मग चढवा. नाहीतर इंजिनाचं नाक तिथंच अडकतं.