गाव तेच, जिल्हे तीन

प्रश्न : आमचं गाव जळकोट तालुक्यात, जिल्हा लातूर. मुलीच्या जातप्रमाणपत्रासाठी घरातली जुनी कागदपत्रं काढली. वडिलांच्या शाळेच्या 1955 च्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर ‘ता. उदगीर, जि. बिदर’ आहे, माझ्या 1974 च्या जन्मनोंदीवर ‘जि. उस्मानाबाद’. आजोबांचा एक उर्दू कागद आहे, त्यावर सन 1352 लिहिलंय. अर्ज घेणारे म्हणाले, ‘बिदर कर्नाटकात आहे, तुम्ही परराज्यातले.’ आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या याच गावात आहोत. वडिलांच्या उताऱ्यावरचा जिल्हा दुरुस्त करून घ्यावा का?
— एक वाचक, जळकोट

उत्तर : दादा, उताऱ्याला हातही लावू नका. तो बरोबर आहे. दुरुस्त करायला गेलात तर चांगला पुरावा स्वतःच्या हातानं बिघडवाल.

तुमचं गाव जागचं हललेलं नाही, हद्दी हलल्या. 1955 साली वडील शाळेत होते तेव्हा उदगीर तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बिदर जिल्हा फुटला. बराचसा भाग म्हैसूर राज्याकडे म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, काही आंध्राकडे. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके मात्र मुंबई राज्याला मिळाले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. हे राज्य पुनर्रचना कायदा 1956 च्या कलम 8 मध्ये तालुक्यांच्या नावांसकट लिहिलेलं आहे. त्या कलमाची प्रत काढा, तीनही तालुक्यांच्या नावांखाली रेघ मारा आणि अर्जाच्या अगदी वर लावा. ‘परराज्यातले’ या शब्दाला याहून चांगलं उत्तर नाही.

पुढचं सोपं आहे. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा निघाला. तेव्हा मी तहसीलमध्ये नुकतीच कारकून म्हणून लागले होते. नवे शिक्के यायचे होते, म्हणून आम्ही जुना शिक्का मारून ‘उस्मानाबाद’ पेनानं खोडायचो आणि वर ‘लातूर’ लिहायचो. त्या दिवसांतला असा खाडाखोडीचा कागद हाती आला तर तो बनावट आहे असं लगेच समजू नका, खाडाखोडीजवळची सही बघा. 1999 मध्ये जळकोट तालुका झाला, त्याआधी तुम्ही उदगीरचे. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय आणि आपला महसुली विभागही औरंगाबादचा छत्रपती संभाजीनगर. ही दोन नुसती नावं बदलली, तुमच्या हद्दीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता आजोबांचा कागद. त्यावरचं 1352 हे फसली साल असावं. निजामाच्या राज्यात महसुलाचा हिशेब फसली सनात चाले. त्यात 590 मिळवा : 1942-43 येतं. मजकुरात ‘अव्वल तालुकदार’ असं आलं तर तो तालुक्याचा अधिकारी समजू नका, तो तेव्हाचा जिल्हाधिकारी. उर्दू जाणणाऱ्या अधिकृत भाषांतरकाराकडून मराठी करून घ्या आणि मूळ प्रत प्लास्टिकमध्ये डकवू नका, घडीवर फाटते. जातीचा उल्लेख असेल तर हा कागद तुमच्या घरातला सगळ्यात मोलाचा आहे. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचं वास्तव्य पाहतात, आणि तुमचे दोन कागद त्याच्याही मागचे आहेत.

जळकोट तहसील 1999 ची, हे लक्षात ठेवा. त्याआधीचे फेरफार आणि खासरा पत्रक (जमिनीचं जुनं नोंदपत्रक) तिथं नाही म्हणाले तर उदगीरच्या अभिलेख कक्षात लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की तोंडीच ‘नाही’ मिळतं. मी टेबलाच्या त्या बाजूला 36 वर्षं बसले आहे, म्हणून हे जीव तोडून सांगते.

वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येक नावापुढे त्या काळचा तालुका, जिल्हा आणि राज्य लिहा. वडिलांपुढे उदगीर, बिदर, हैदराबाद. तुमच्यापुढे उदगीर, उस्मानाबाद, महाराष्ट्र. मुलीपुढे जळकोट, लातूर, महाराष्ट्र. खाली एक वाक्य : ‘वरील सर्व नोंदी एकाच गावाच्या असून जिल्हा व तालुका यांतील फरक शासनाने वेळोवेळी केलेल्या पुनर्रचनेमुळे आहे.’ अर्ज आजच्या पत्त्यावरच करायचा, प्रमाणपत्रावर जिल्हा लातूरच येईल.

तुमच्यासारखीच अडचण किनवट आणि राजुऱ्याच्या लोकांना येते. ते दोन्ही तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, तिथून नांदेडला आले. पुढं राजुरा चंद्रपूरकडे गेला. तिकडच्या आजोबांच्या कागदावर आदिलाबाद दिसतं आणि नातवाला तेलंगणाचा ठरवतात. त्यांनीही हेच कलम 8 लावावं, किनवट आणि राजुरा दोन्ही नावं त्यात आहेत.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, आणि पुन्हा तोंडी परत पाठवलं तर त्रुटी लेखी मागा. ती लेखी त्रुटी मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहीन.