खलनायकाचे बालपण

प्रश्न : खलनायकाला दुःखद बालपण दिले की त्याचे दुष्टपण क्षम्य ठरते का?

उत्तर : क्षम्य ठरत नाही, समजू मात्र लागते. एमिली ब्राँटे यांच्या १८४७ सालच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या इंग्रजी कादंबरीतील हीथक्लिफ पाहा. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून आणलेल्या या पोरक्या मुलाचे शिक्षण, आश्रयदाता वारल्यावर, त्याचा मुलगा हिंडली तोडतो आणि त्याला शेतावर राबवतो. पुढे हीथक्लिफ हिंडलीच्याच मुलाला, हेअरटनला, जाणूनबुजून निरक्षर ठेवून तसाच राबवतो. सूड इतका हिशेबी, की जखमेचे मापही तेच. लेखिकेची खरी हुशारी (मला तरी ती इथेच दिसते) हेअरटनमध्ये आहे : तेच हाल सोसूनही तो क्रूर होत नाही, उलट हीथक्लिफच्या मृतदेहापाशी मनापासून रडणारा तो एकटाच असतो.