ज्युरी देते तो कौल की निकाल?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला गाडीने उडवलं, ज्युरीने (खटल्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांनी) भरपाई ठरवली आणि गाडीवाल्याने अपील केलं. ही हकीकत मराठीत लिहायची आहे, तर ज्युरीच्या ‘व्हर्डिक्ट’ला निकाल म्हणावं, निवाडा म्हणावं की आणखी काही?

मी ‘कौल’ म्हणेन. निकाल न्यायाधीश देतो, कारणांसकट. ज्युरी कारणं सांगत नाही. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा उजवा की डावा एवढंच कळतं, तसंच हे. तिथल्या ज्युरीतल्या सहा जणांपैकी पाच जणांचं जुळलं की उत्तर मिळतं: हयगय कोणाची, किती टक्के, भरपाई किती. शिवाय ‘कौल’ मूळचा अरबी, अर्थ बोल, वचन. आणि व्हर्डिक्टचं लॅटिन मूळही ‘खरं बोललेलं’! इतकी जुळणारी जोडी क्वचितच सापडते. ‘पंचांचा निर्णय’ मात्र टाळा, आपल्याकडे कोर्टात पंच म्हटलं की पंचनाम्यावर सही करणारा माणूस आठवतो.

अपिलाबद्दल लिहिताना जास्त जपायला हवं. ‘वरच्या कोर्टाने कौल फिरवला’ म्हटलं की त्याने स्वतःच दुसरा कौल दिला असं वाटतं. तिथल्या वरच्या कोर्टाने साक्षीदार पाहिलेले नसतात, पुरावा ते नव्याने तोलत नाही. धडधडीत अन्याय झालाय असं दिसलं तरच कौल रद्द होतो आणि खटला बहुधा नव्या ज्युरीपुढे जातो. तेव्हा ‘रद्द केला’ किंवा ‘कायम ठेवला’ एवढंच लिहावं. मुंबईत नौदल अधिकारी नानावटींवर चाललेल्या खुनाच्या खटल्याची गोष्ट वेगळी. १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं आणि हायकोर्टाने पुरावा स्वतः तपासून जन्मठेप दिली. तिथे ‘कौल फिरवला’ अगदी चपखल बसतं.

राहिला ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’. ‘अंशदायी निष्काळजीपणा’ वाचला की मला पेन्शनची वर्गणी आठवते. आपल्या फिर्यादींत ‘हयगयीने व अविचाराने गाडी चालवून’ असतंच, तोच शब्द घ्यावा: पादचाऱ्याची स्वतःची हयगय. न्यू जर्सीत ज्युरीने ती ३० टक्के धरली तर भरपाईतून तेवढी रक्कम कापतात. गाडीवाल्याच्या हयगयीपेक्षा ती जास्त ठरली तर पादचाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.