दप्तर हलकं करायला किंडल आणावं का?

प्रश्न : मुलगा नववीला आहे, मराठी मीडियम. त्याचं दप्तर उचललं की माझाच खांदा भरून येतो. दीर दिवाळीला दुबईहून येतायत, म्हणतात सहा इंची किंडल (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) आणतो, सगळी पुस्तकं त्यात टाका, डोळ्यांनाही त्रास नाही. आणू द्यावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, दीरांना जरा थांबवा. डोळ्यांचं ते म्हणतात ते खरंय, किंडलचा ई-इंकचा स्क्रीन (छापील शाईसारखी काळी-पांढरी अक्षरं दाखवणारा) कागदासारखाच दिसतो, आणि त्याला वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते म्हणून चार्जिंगही आठवडे आठवडे टिकतं. घोडं अडतं साईझवर. बालभारतीचं पुस्तक जवळपास ए-फोर, म्हणजे रुंदीला 21 सेंटिमीटरच्या आसपास, आणि या किंडलचा स्क्रीन जेमतेम 9. त्यात पीडीएफ टाकली (ती ई-बालभारतीच्या साईटवर फुकट मिळते, पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका) की अक्षर निम्म्याहून बारीक, मग झूम करा, सरकवा, परत झूम करा, पोरगं दोन दिवसांत कंटाळेल. पीडीएफ किंडलच्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करून अक्षर मोठं होतं असं कुणीतरी सांगेलच, पण त्यात बरेचदा जोडाक्षरं फुटतात आणि गणिताची सूत्रं तर पार विस्कटतात. भूगोलाचे नकाशे काळे-पांढरे दिसणार, मग सूचीतले रंग शोधायचे कुठे? आणि धड्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायला त्याला कॅमेराच नाही.

त्याहून आधी, शाळा तो वर्गात आणू देणारे का ते वर्गशिक्षकांना विचारलंत का? नाहीतर किंडल घरी आणि पुस्तकं पाठीवर.

वजनाचं म्हणाल तर 2023 मध्ये सरकारनेही दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत करून पाहिली होती, मध्ये कोरी पानं घालून, 2025 ला ते बंदही झालं. तुमच्या मुलाला आठवत असेल. मला विचाराल तर आज रात्री दप्तर रिकामं करून एकेक वस्तू काट्यावर ठेवा. आमच्या भाचीच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा वह्या आणि गाईडंच जास्त भरली, वर भरलेली पाण्याची बाटली! शेवटी दहावीत गेलेल्या एका मुलीकडून जुना सेट निम्म्या किमतीत घेतला, तो शाळेत ठेवला, नवा घरी. फक्त पुस्तक बदललेलं नाही ना ते बघून घ्या.

दीर ऐकणारच नसतील तर दहा इंची साधा कलर टॅब्लेट आणा म्हणावं, घरी पीडीएफ नीट वाचता येईल. आणि किंडलच आलं तर तुम्ही वापरा, मराठी कादंबऱ्या त्यावर झकास वाचता येतात.