वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ म्हणावे ते कशावरून?

प्रश्न : माझे सासरे अमेरिकेत नेमबाजी क्लबाचे सभासद होते. त्यांच्या पश्चात स्मिथ अँड वेसन कंपनीचे .२२ चे एक जुने रिव्हॉल्वर वारसाहक्काने रीतसर आमच्याकडे आले. आम्हीही अमेरिकेतच राहतो. त्याचा क्रमांक सहा आकडी असून ६८५ ने सुरू होतो. एका विक्रेत्याने हे ‘के-२२’ चे दुसरे मॉडेल असून अत्यंत दुर्मीळ असल्याचे सांगितले आणि विकण्यापूर्वी ते चकचकीत करून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने हातात घेताच ‘याला पुन्हा रंग चढवला आहे’ असे म्हणून ते परत केले. कोणाचे खरे मानावे? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : सर्वप्रथम, चकचकीत करून देण्याची तयारी नम्रपणे नाकारावी. मूळ निळसर झळाळी सत्तर टक्के उरलेले रिव्हॉल्वर संग्राहक आनंदाने घेतो, पण नव्याने रंगवलेले शंभर टक्के चकाकले तरी त्याच्या लेखी ते उतरलेलेच असते. राहिला प्रश्न त्या दोघांचा. ‘दुर्मीळ’ आणि ‘पुन्हा रंगवलेले’ ही विधाने परस्परविरोधी नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, आणि नीट तपासल्याशिवाय बोलले असतील तर दोघेही चुकलेले असू शकतात.

आधी ओळख पटवू. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे मुख्यालय असलेल्या या कंपनीने ‘के-२२ आउटडोअर्समन’ १९३१ मध्ये बाजारात आणले. सहा इंची नळी आणि नेम धरण्यासाठी हलवता येणारी मागची खाच असलेले हे रिव्हॉल्वर नेमबाजांत चांगलेच रुजले. १९४० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, परंतु महायुद्धाच्या कामांनी कारखाना व्यापला आणि ती अल्पायुषी ठरली. संग्राहकांच्या नोंदींनुसार तिची संख्या अवघी १,०६७ असून क्रमांक ६८२४२० ते ६९६९५२ या पट्ट्यात येतात. आपला क्रमांक या पट्ट्यात बसतो खरा, पण येथेच पुष्कळ जण फसतात. पट्टा साडेचौदा हजार क्रमांकांचा आणि रिव्हॉल्वरे जेमतेम हजारभर, याचा अर्थ उरलेले क्रमांक त्याच आकाराच्या सांगाड्यावर बनलेल्या .३८ च्या रिव्हॉल्वरांना दिले गेले. म्हणून क्रमांक हा पुरावा नव्हे, पुराव्याची सुरुवात आहे. दुसऱ्या आवृत्तीत मागची खाच सरकवणारा स्क्रू फिरवताना बोटाला स्पष्ट टिकटिक जाणवते, आणि घोडा मागे ओढावा लागतो ते अंतर आधीच्या आवृत्तीपेक्षा कमी असते. या दोन गोष्टी नसतील, तर पुढची चर्चा वेगळ्या वाटेने जाईल.

त्यानंतर सुटे भाग एकमेकांचे आहेत का, हे पाहावे. रिव्हॉल्वर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता गोल भाग, बाजूला उघडावा. मुठीच्या तळाशी जो क्रमांक आहे, तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि रिकामी टरफले बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या मागे मिळायला हवा. सिलिंडर ज्या बिजागरीवर फिरतो, तिच्याजवळच्या खोबणीत आणखी एक क्रमांक दिसेल. तो जुळत नाही म्हणून घाबरू नये, कारण तो जुळणीच्या वेळचा कारखान्यातला अंतर्गत क्रमांक असतो. नवखे विक्रेते नेमका तोच वाचून जाहिरातीत छापतात.

मुठीच्या लाकडी पट्ट्या काढताना घाई नको. खाचेत अचूक बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्यावा, स्क्रू काही वेढे सैल करून त्याच्या डोक्यावर हलका दाब द्यावा, म्हणजे पलीकडची पट्टी आपोआप सुटते. फटीत टोक घालून उचकटल्यास कडेचा टवका उडतो आणि तो पुन्हा बसत नाही. उजव्या पट्टीच्या आतल्या अंगाला क्रमांक ठोकलेला किंवा शिसपेन्सिलीने लिहिलेला असू शकतो. तो पुसट दिसला म्हणून तेलाचे फडके फिरवू नये. ऐंशी वर्षे टिकलेले अक्षर अशा एका फडक्यात गेलेले मी पाहिले आहे, आणि ते फडके फिरवणारा मीच होतो.

आता रंगाविषयी. दुसऱ्या विक्रेत्याने केवळ नजरेने निर्णय दिला असेल, तरी त्याची शंका तपासण्याजोगी आहे. भिंग आणि बाजूने पडणारा उजेड घेऊन नळीवरची अक्षरे पाहावीत. मूळ पृष्ठावर अक्षरांच्या कडा बोटाला किंचित बोचतात, आणि पॉलिशच्या चाकाखालून गेलेल्या पृष्ठावर त्या गोलसर, एका बाजूला ओढल्यासारख्या होतात. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडला असेल, किंवा बाजूची झाकणपट्टी जिथे सांगाड्याला मिळते ती एरवी दिसेनाशी असणारी रेषा उघडी पडली असेल, तर चाक फिरले आहे असे समजावे. सर्वांत बोलका पुरावा घोडा आणि चाप हे देतात. या कंपनीने त्यांवर निळा रंग न देता पोलादाला कठीण करणाऱ्या प्रक्रियेतून येणारी तपकिरी-निळी-राखाडी रंगांची ढगाळ नक्षी ठेवली होती. ते दोन्ही भाग एकसारखे निळे-काळे दिसत असतील, तर रंगारी कारखान्याबाहेरचा होता हे जवळजवळ निश्चित.

मात्र मुठीच्या तळाशी क्रमांकाशेजारी लहान तारा उमटवलेला आढळला, तर चित्र बदलते. रिव्हॉल्वर दुरुस्तीसाठी किंवा नव्या रंगासाठी कारखान्यात परत गेले होते, याची ती खूण आहे. अनेकदा लाकडी पट्टीखाली डावीकडे त्या कामाची तारीखही ठोकलेली मिळते. कारखान्यातले काम मूळ झळाळीची बरोबरी करत नाही, पण घरगुती रंगकामापेक्षा ते निःसंशय वरचे आहे. दुर्मीळ आवृत्तीवर तारा असेल तर संग्राहक किंमत कमी करतील, पाठ फिरवणार नाहीत. माझ्या मते तर अशा हजारभर नगांच्या आवृत्तीत प्रामाणिक झीज असलेला नग हा सर्वांत उत्तम. नळीच्या तोंडाची उडालेली झिलई आणि सिलिंडरभोवतीची फिकट रेघ हे दोष नव्हेत, वापराच्या खुणा आहेत.

यंत्रणेची तपासणी थोडक्यात सांगतो. सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका विरोध ठेवून घोडा सावकाश मागे ओढावा; घोडा अडकण्यापूर्वी सिलिंडर आपल्या खाचेत बसला पाहिजे. सिलिंडरमधले घर, म्हणजे काडतूस बसते ते भोक, रिकामे असताना चाप ओढत बसू नये. .२२ च्या काडतुसाचा बार कडेवर ठोका पडून उडतो, त्यामुळे काडतूस नसताना सुई थेट घराच्या कडेवर आदळू शकते. तिथे आधीच ठेचल्याच्या खुणा असतील तर त्यांची नोंद करावी. नळीत उजेड टाकून पाहताना शिशाचा थर आणि गंजाचे खड्डे यांची गल्लत होते. थर साफ होतो, खड्डे राहतात.

खोके जपून ठेवले असेल तर त्याच्या तळाशी हाताने लिहिलेला क्रमांक शोधावा. मग कंपनीच्या जुन्या नोंदींवरून स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन देते ते पत्र मागवावे. रिव्हॉल्वर कधी, कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात रवाना झाले, हे त्यातून कळते. त्यानंतर त्यावर काय काय घडले, हे पत्र सांगत नाही. ते वर सांगितलेल्या खुणाच सांगतात. पत्र हाती येईपर्यंत कोणाशीही किमतीची बोलणी करू नयेत.

प्रश्न : कोल्ट या अमेरिकन कंपनीचे ‘बिस्ले’ टारगेट (निशाण्यावरच्या नेमबाजीचे) रिव्हॉल्वर पाहण्यात आले. नाव इंग्रजी गावाचे, मग शिक्का अमेरिकन कसा? (एक वाचक)

उत्तर : शिक्का बरोबर आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या बिस्ले येथील नेमबाजीच्या मैदानावरून कोल्टने १८९४ मध्ये हे नाव घेतले. घडण मात्र अमेरिकेतील कनेटिकटमधल्या हार्टफर्डचीच. साधी बिस्ले चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनली, तर सपाट माथ्याची टारगेट आवृत्ती हजाराच्याही आत राहिली. साध्या आवृत्तीच्या माथ्यावर नेमासाठी लांब पन्हळ असते. ती भरून व घासून सपाट केलेले नमुने फिरत असतात. म्हणून माथ्यावर तिरका उजेड टाकून भरावाच्या कडा दिसतात का, हे पाहावे. टारगेट आवृत्तीत मागची खाच आडव्या खोबणीत सरकवता येते आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, बदलता येते. माशी नळीला पक्की जोडलेली असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.